चालताना गप्प आणि थांबली की गुणगुण: सर्व्हो ट्यूनिंगबद्दल

सर्व्हो मोटर, म्हणजे स्वतःची जागा मोजत हुकुमाप्रमाणे हलणारी मोटर, चालताना अगदी मऊ चालते आणि जागेवर पोचून थांबली की बारीक गुणगुणायला लागते, हा प्रकार या कामात असलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलाय. माझ्या वाट्याला तो एका आडव्या अक्षावर, म्हणजे मशीनच्या एका दिशेने सरकणाऱ्या भागावर, आला. मोटर, कपलिंग, १० मिमी लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात टेबल १० मिमी सरकवणारा, बॉलस्क्रू आणि त्यावर जड टेबल, बास, यापलीकडे काहीच नाही. ट्रेस, म्हणजे वेग आणि टॉर्कचा वेळेनुसार आलेख, काढला तर वेगाची रेषा छान, ओव्हरशूट नाही, म्हणजे जागा ओलांडून पुढे जाणं नाही, टेबल वेळेत जागेवर येतंय, आणि मग शेवटी, जिथे सगळं शांत व्हायला हवं तिथे, टॉर्कच्या, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराच्या, रेषेवर कंगव्याच्या दातांसारखी दाट नक्षी. टेबलाला बोट लावलं की गुणगुण बंद, बोट काढलं की पुन्हा सुरू. तीन दिवस मी गेनच्या, म्हणजे चूक दिसली की मोटरने किती जोरात उत्तर द्यायचं त्या आकड्याच्या, मागे हात धुवून लागलो होतो आणि दुखणं गेनमध्ये नव्हतंच. ते नेमकं काय होतं ते सांगतोच, पण आधी लूपबद्दल, म्हणजे मोजायचं, चूक बघायची आणि ती दुरुस्त करायची या चक्राबद्दल, बोलावं लागेल, नाहीतर बोट लावल्यावर आवाज का थांबतो हे कळणार नाही.

ड्राइव्हच्या, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याच्या, आत एकात एक असे तीन लूप असतात. सगळ्यात आत करंटचा, म्हणजे टॉर्कचा, त्याच्या बाहेर वेगाचा आणि सगळ्यात बाहेर पोझिशनचा. बाहेरचा लूप आतल्याला हुकूम देतो आणि आतला तो लगेच पाळेल असं गृहीत धरतो. हे गृहीत खरं ठरायचं असेल तर आतला लूप बाहेरच्यापेक्षा बराच चपळ हवा, साधारण पाच ते दहा पट. करंट लूप हजार हर्ट्झच्या घरात असेल तर वेगाचा शंभराच्या आसपास आणि पोझिशनचा दहा-वीसच्या आसपास, असं काहीसं गणित बसतं. म्हणून ट्यूनिंग नेहमी आतून बाहेर. करंट लूप बहुतेक वेळा ड्राइव्ह मोटरचा रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स मोजून स्वतःच लावतो, तिथे हात घालायची गरज क्वचितच पडते. खरं काम वेगाच्या लूपमध्ये असतं. बरेच जण काय करतात की पोझिशन नीट येत नाही म्हणून थेट पोझिशनचा गेन वाढवतात, आणि आत वेगाचा लूप ढिला असतो, मग मशीन डुलायला लागतं आणि गेन पुन्हा कमी करावा लागतो, आणि शेवटी "ही मोटरच कमी पडतेय" असा निष्कर्ष निघतो. मोटर कमी पडत नसते, तिला मधला लूप साथ देत नसतो.

वेगाचा लूप लावताना पोझिशनचा लूप बंद करून लहानशी वेगाची स्टेप, म्हणजे हुकमात एकदम उडी, द्यायची. लहान म्हणजे खरंच लहान, टॉर्क लिमिटला लागू नये इतकी, कारण टॉर्क एकदा लिमिटला लागला की तुम्ही जे बघताय तो लूप नसतोच, ते फक्त पूर्ण जोर लावलेली मोटर असते आणि त्यावरून गेनबद्दल काहीही कळत नाही. ही चूक मी नवीन असताना खूप केली. मोठी स्टेप दिली की ट्रेस बघायला भारी दिसतो, पण त्याचा उपयोग शून्य. इंटिग्रल, म्हणजे साठत गेलेल्या चुकीवर चालणारा भाग, बंद ठेवून आधी प्रपोर्शनल, म्हणजे आत्ताच्या चुकीच्या प्रमाणातला भाग, वाढवत जायचं, आवाज कडक व्हायला लागला, टॉर्कच्या रेषेत थरथर दिसायला लागली की मागे यायचं, निम्म्यावर या असं मी म्हणेन, आणि मग हळूहळू इंटिग्रल चढवायचं.

निम्म्यावर का? कारण निम्म्यावर आलात की तुमच्याकडे दुपटीची जागा उरते, म्हणजे ६ डीबीचं (डेसिबल) गेन मार्जिन, लूप डोलायला लागेपर्यंत गेन आणखी किती वाढू शकतो ती जागा. मार्जिनचा हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

आता गेन जास्त का चढत नाही, तर बहुतेक वेळा उशिरामुळे. लूपमधला उशीर कुणाला दिसत नाही आणि तोच सगळं खाऊन टाकतो. १ मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही ना? पण १०० हर्ट्झला एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं, म्हणजे १ मिलिसेकंदाचा उशीर हा त्याचा दहावा भाग, पूर्ण आवर्तन ३६० अंश धरलं तर ३६ अंश फेज सरळ गेली. तुम्ही ४५ ते ६० अंशांचं मार्जिन धरून बसलेला असता आणि त्यातले ३६ कुठेतरी वाटेत अडकलेल्या डेटाने खाल्लेले असतात. वेगाचा लूप कंट्रोलरमध्ये आणि टॉर्कची आज्ञा नेटवर्कवरून ड्राइव्हला, अशी रचना असेल तर हे हमखास होतं. तोच लूप ड्राइव्हमध्ये हलवला की काहीही न करता गेन चढतो.

फिल्टर हा पण उशीरच आहे, फक्त त्याचं नाव चांगलं आहे. एन्कोडरवरून, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरवरून, वेग काढताना मोजमापात आवाज, म्हणजे खोटी थरथर, येते म्हणून आपण लो पास, म्हणजे वरच्या फ्रीक्वेन्सी कापणारा, फिल्टर टाकतो. २०० हर्ट्झचा साधा फर्स्ट ऑर्डर फिल्टर ६० हर्ट्झला जवळपास १७ अंश घेऊन जातो. असे दोन-तीन फिल्टर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी टाकून ठेवलेले असतात, कुणालाच पूर्ण हिशोब माहीत नसतो. जुनं मशीन हातात आलं की मी आधी सगळ्या फिल्टरची यादी करतो आणि प्रत्येकाला विचारतो की बाबा तू इथे कशासाठी आहेस.

हा मोजमापातला आवाज मुळात कुठून येतो तेही बघा. २५०० लाइनचा एन्कोडर, चौपट करून एका फेऱ्यात १०,००० काउंट. दर १ मिलिसेकंदाला वाचला तर एका काउंटचा फरक म्हणजे ६ आरपीएम. म्हणजे वेग मोजायची तुमची सगळ्यात लहान पायरी ६ आरपीएमची आहे, त्याच्या मधलं काही दिसतच नाही. आता वाटतं की सॅम्पलिंग जलद केलं तर बरं होईल, तर उलट, १२५ मायक्रोसेकंदाला वाचलं तर तीच पायरी ४८ आरपीएमची होते. हळू फिरताना ड्राइव्हला शून्य, शून्य, शून्य, ४८, शून्य असं दिसतं आणि तो प्रत्येक ४८ ला घाबरून टॉर्क मारतो. याला गेन जबाबदार नाही. याला उपाय जास्त बारीक एन्कोडर, आज २० बिटचे म्हणजे एका फेऱ्यात दहा लाखाच्या वर पायऱ्या देणारे एन्कोडर सर्रास मिळतात, आणि त्यांनी ट्यूनिंग जितकं सोपं केलं तितकं दुसऱ्या कशानेही केलं नसेल असं माझं मत आहे.

बरं, आता माझ्या अक्षाकडे येतो.

टॉर्कच्या कंगव्यातले दात मोजले, दोन टोकांमध्ये साधारण ७ मिलिसेकंद, म्हणजे १४० हर्ट्झच्या आसपास. मला वाटलं सापडलं, हा रेझोनन्स आहे. मोटर आणि लोडच्या मधलं कपलिंग आणि स्क्रू हे कितीही जाड असले तरी शेवटी स्प्रिंगच असतात, दोन वजनं आणि मधे स्प्रिंग म्हटल्यावर ती एका ठराविक फ्रीक्वेन्सीला एकमेकांविरुद्ध हलणारच. त्याच्यावर नॉच फिल्टर टाकतात, तेवढीच फ्रीक्वेन्सी कापायची. टाकला १४० वर. गुणगुण गेली नाही, ११० वर सरकली. मग ११० वर टाकला तर आणखी खाली आली आणि आवाज जास्त जाड झाला. हे होणारच होतं, कारण नॉच त्याच्या जागेच्या खालच्या सगळ्या फ्रीक्वेन्सींना फेजचा उशीर देतो, म्हणजे मी दर वेळी लूपच्या खिशातून आणखी थोडं मार्जिन काढून घेत होतो.

पण यातच खूण होती आणि ती मला तेव्हा वाचता आली नाही. खरा मेकॅनिकल रेझोनन्स गेन बदलल्याने फारसा जागा सोडत नाही, त्याची जागा वजन आणि कडकपणा ठरवतात. जो आवाज गेन बदलला की सरकतो, फिल्टर बदलला की सरकतो, तो लूपने स्वतः तयार केलेला असतो.

तिसऱ्या दिवशी आमच्याकडचे एक जुने फिटर तिथून जात होते, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "पॉवर काढ जरा." काढली. त्यांनी एका हाताने कपलिंगची स्क्रूकडची बाजू घट्ट धरली, दुसऱ्या हाताने मोटरकडची बाजू हलवली, अगदी मनगटाने, आणि म्हणाले, "ये, हात लाव इथे." मी हात लावला. बारीक टक, टक. बोटांना कळत होतं पण डोळ्यांना दिसत नव्हतं. मी ड्राइव्हवर एन्कोडरचा आकडा लावला, टेबलाला डायल लावली आणि मोटरचा शाफ्ट हाताने फिरवला. १४ काउंट होईपर्यंत डायलचा काटा हललाच नाही. पंधराव्याला हलला. १४ काउंट म्हणजे अर्धा अंश, टेबलावर १४ मायक्रॉन. कपलिंगमधली चावी तिच्या खाचेत सैल झाली होती.

आता हा एवढासा प्ले, म्हणजे सैलपणा, गुणगुण का करतो ते नीट सांगतो, कारण हे समजल्यावर मला कितीतरी जुन्या मशीनची दुखणी एकदम उलगडली. माझ्या अक्षावर लोडचा इनर्शिया, म्हणजे वेग बदलायला होणारा विरोध, मोटरच्या पाचपट होता, म्हणजे दोन्ही मिळून सहा. मी गेन लावला तो या सहाला धरून. मोटर वेग घेत असते किंवा कमी करत असते तेव्हा चावी खाचेच्या एका बाजूला टेकलेली असते, मोटरला सहाच्या सहा जाणवतात, सगळं ठीक. पण थांबल्यावर टॉर्क शून्याजवळ येतो, चावी खाचेच्या मधोमध येते, आणि त्या १४ काउंटच्या पोकळीत मोटरला लोड जाणवतच नाही. तिला फक्त स्वतःचा एक जाणवतो. टॉर्क तोच, इनर्शिया सहावा भाग, म्हणजे लूपचा गेन एका क्षणात सहापट झाला. माझ्याकडे मार्जिन होतं १० डीबीचं, म्हणजे तिपटीपेक्षा जरा जास्त. सहापट कुठे, तिप्पट कुठे. मोटर पोकळीत सुटते, एका भिंतीवर आपटते, परत फिरते, दुसऱ्या भिंतीवर आपटते. तोच तो कंगवा.

आणि टेबलाला बोट लावलं की चावी एका बाजूला टेकून राहते, पोकळी संपते, सहा पुन्हा सहा होतात. म्हणून गप्प.

गेन कमी करून हे बंद करता आलं असतं का? आलं असतं, सहापटीला पुरेल इतका उतरवला असता तर, पण मग बाकी सगळ्या वेळी अक्ष लुळा चालला असता, म्हणजे १४ मायक्रॉनच्या दुखण्यासाठी सबंध शरीराला गुंगीचं औषध. आम्ही चावीचं कपलिंग काढून क्लॅम्पने शाफ्टवर आवळणारं लावलं. दोन्ही नॉच काढून टाकले, गेन होता तोच ठेवला, आवाज नाही. नंतर तर गेन आणखी चढवता आला. तेव्हापासून ड्राइव्हचं सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी पॉवर काढून हात लावतो. कपलिंग, स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग, मोटरचे माउंटिंग बोल्ट, बेल्ट असेल तर बेल्टचा ताण. पाच मिनिटं लागतात.

थांबल्यावरच्या हालचालीचा अजून एक प्रकार असतो, त्याची यात गल्लत करू नका. तो गुणगुणत नाही, तो दोन-चार सेकंदांनी एकदा हळूच सरकतो. टेबल काही मायक्रॉन अलीकडे थांबतं, घर्षणाने धरून ठेवलेलं असतं, इंटिग्रल हळूहळू टॉर्क वाढवत राहतं, एका क्षणी घर्षण सुटतं आणि टेबल उडी मारून पलीकडे जातं, मग तिकडून परत तोच खेळ. ट्रेसवर टॉर्क करवतीच्या दातांसारखा दिसतो, हळू चढतो आणि धपकन पडतो. इथे गेन चढवून उपयोग नाही आणि उतरवूनही नाही. एक तर घर्षण कमी करा, वंगण बघा, नाहीतर ठरलेल्या हद्दीच्या आत आल्यावर इंटिग्रल गोठवा.

इंटिग्रलचं दुसरं दुखणं म्हणजे वाइंडअप. टॉर्क लिमिटला लागलाय, मोटर याहून जास्त देऊच शकत नाही, तरी इंटिग्रल आत साठवतच बसतं, आणि मग अक्ष जागेवर आला तरी साठलेलं रिकामं होईपर्यंत पुढे निघून जातो. अँटी वाइंडअप चालू आहे का एवढं बघून घ्या.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे, फीडफॉरवर्ड, म्हणजे चूक व्हायची वाट न बघता हुकूम आधीच देणं. लोक गेनवर आठवडे घालवतात आणि फीडफॉरवर्ड शून्यावर ठेवतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

फीडबॅक चूक झाल्याशिवाय काही करतच नाही. एरर शून्य असेल तर पोझिशनचा लूप वेगही शून्यच मागणार. म्हणजे फक्त फीडबॅकवर चालणाऱ्या अक्षाला चालत राहण्यासाठी मागे राहावंच लागतं, मागे राहणं हेच त्याचं इंधन. किती मागे, तर वेग भागिले पोझिशनचा गेन. गेन ४० प्रति सेकंद आणि वेग २०० मिमी प्रति सेकंद असेल तर टेबल कमांडच्या चक्क ५ मिमी मागे धावत असतं. दोन अक्षांचा गेन अगदी सारखा असेल तर सरळ रेषेत हे झाकलं जातं, दोघंही सारखेच मागे, रेषा रेषाच राहते. पण गोल काढायला सांगा. २५ मिमी त्रिज्येचा गोल, १०० मिमी प्रति सेकंदाने, दोन्ही अक्षांचा गेन ४०, तर गोल त्रिज्येत सव्वाशे मायक्रॉनने लहान येतो. आणि दोघांचे गेन वेगळे असतील तर तो गोलही राहत नाही, ४५ अंशात कललेली लंबवर्तुळाकृती येते. बोअर, म्हणजे कोरलेलं गोल भोक, असा तिरका आला की लोक स्पिंडल तपासतात, स्लाइडचा काटकोन तपासतात, आणि दोन अक्षांचे गेन शेजारी शेजारी ठेवून बघायचं राहून जातं.

यात गंमत अशी की अक्षाने कुठे जायचंय हे आपल्याला आधीपासून माहीत असतं, प्रोफाइल, म्हणजे हालचालीचा आराखडा, आपणच बनवलेला असतो. मग वेग थेट वेगाच्या लूपला का देऊ नये? वेगाचा फीडफॉरवर्ड १०० टक्के दिला की ती ५ मिमीची पिछाडी जवळपास नाहीशी होते, स्थिर वेगात तर होतेच. मग वेग घेताना आणि कमी करताना जे उरतं त्यासाठी अॅक्सिलरेशनचा, म्हणजे इनर्शिया गुणिले अॅक्सिलरेशन एवढा टॉर्क आधीच देऊन टाकायचा. हा आकडा ट्रेसवरून लावणं फार सोपं आहे: फॉलोइंग एररची, म्हणजे टेबल कमांडच्या किती मागे आहे त्याची, रेषा अॅक्सिलरेशनच्या आकारासारखी दिसते तोपर्यंत कमी पडतंय, तोच आकार उलटा दिसायला लागला की जास्त झालंय. उभ्या अक्षाला यातच वजनाचा कायमचा टॉर्कही द्या, म्हणजे ब्रेक सुटल्यावर अक्ष खाली बसकण मारत नाही.

आणि फीडफॉरवर्डने लूपची स्थिरता बिघडत नाही, कारण तो लूपच्या आत नाहीच. तो चुकला तर हालचाल थोडी बिघडेल, ओव्हरशूट येईल, पण मशीन त्याच्यामुळे थरथरणार नाही. एकच अट, कमांड मऊ हवी. कोपरे असलेला प्रोफाइल दिलात तर अॅक्सिलरेशनच्या पायऱ्या टॉर्कमध्ये तशाच उमटतील आणि मशीनची फ्रेम वाजेल, म्हणून जर्क, म्हणजे अॅक्सिलरेशन बदलण्याचा वेग, मर्यादित असलेला, एस आकाराचा प्रोफाइल वापरा.

पुस्तकांतून झीगलर आणि निकोल्स यांची पद्धत शिकवतात, १९४२ ची. गेन वाढवत वाढवत सतत डोलण्याच्या टोकाला न्यायचं, तिथला गेन आणि आवर्तनाचा काळ मोजायचा आणि त्यावरून आकडे काढायचे. मुळात ती टाक्या, तापमान, दाब यांच्यासारख्या सावकाश प्रक्रियांसाठी निघालेली. तिच्यात दर पुढचं शिखर आधीच्याच्या चौथ्या भागाइतकं असेल असं उत्तर चांगलं मानलंय. तापमान थोडं वर जाऊन आलं तर चालतं. कटर मात्र धातूत वर जाऊन आला तर तो धातू परत येत नाही. आणि सर्व्होला डोलण्याच्या टोकाला नेणं म्हणजे कपलिंगचा जीव घेणं. मी ती वापरत नाही.

त्याच्या वीस वर्षं आधीचं काम मला जास्त जवळचं वाटतं. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाज आपोआप सरळ ठेवण्याबद्दल लिहिलं, आणि त्यांनी सुरुवात केली ती सुकाणूवरचा माणूस काय करतो ते बघून. तो फक्त आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही, किती वेगाने भरकटतंय तेही बघतो आणि किती वेळ एकाच बाजूला ओढ लागलीय तेही धरतो. आज आपण पी, आय, डी म्हणतो ती तीन अक्षरं म्हणजे त्या माणसाची ही तीन प्रकारची नजर. मला ट्यूनिंग शिकवताना कुणी आधी हे सांगितलं असतं तर सूत्रं पाठ करावी लागली नसती.

शेवटचं एक, सुरक्षेचं. गेनला हात लावायच्या आधी टॉर्क लिमिट खाली आणा, फॉलोइंग एररची मर्यादा घट्ट करा, अक्ष प्रवासाच्या मधोमध आणा आणि इमर्जन्सी स्टॉप एका हाताखाली ठेवा. एन्कोडरची दिशा उलटी जोडलेली असेल तर लूप चालू करताच मोटर पूर्ण जोराने पळत सुटते आणि तुम्ही "अरे" म्हणेपर्यंत टेबल टोकाला असतं. उभ्या अक्षाखाली आधार लावल्याशिवाय मी ब्रेक सोडत नाही, कितीही घाई असली तरी.

माझा तो आडवा अक्ष आता चांगला चालतोय. नवीन कपलिंगच्या दोन्ही बाजूंवरून शाफ्टपर्यंत मी मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवलीय, क्लॅम्प घसरला तर रेघ तुटलेली दिसेल. गेल्या आठवड्यात झाकण उघडून बघितली, एकसंध आहे.